सांगलीचा लिफाफा आणि ‘वाया जाणारे’ मत

सांगली लोकसभा मतदारसंघाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. २०१९ साली भाजपचे संजयकाका पाटील ५,०८,९९५ मते घेऊन निवडून आले. स्वाभिमानी पक्षाच्या चिन्हावर लढलेल्या विशाल पाटलांना ३,४४,६४३ मते पडली आणि वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांना ३,००,२३४. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, विशाल पाटील अपक्ष म्हणून ‘लिफाफा’ या चिन्हावर उभे राहिले आणि ५,७१,६६६ मते घेऊन जिंकले. संजयकाकांना ४,७१,६१३ मते मिळाली. तिसरे आले महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार, दोन वेळचे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील. त्यांना ६०,८६० मते मिळाली आणि अनामत रक्कमही गेली. (तिघेही पाटील. सांगलीकरांना यात काही नवल वाटणार नाही.)

निकाल लागला तेव्हा बातम्या झाल्या त्या पहिल्या दोघांच्या. आकडेमोडीची आवड असणाऱ्याची नजर मात्र तिसऱ्यावर जायला हवी. २०१९ साली दुसरा आणि तिसरा जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे होते. २०२४ साली तिसरा दिसेनासा झाला. आणि गंमत अशी, की दिसेनासा झाला तो कोणी हौशी उमेदवार नव्हता. तीन पक्षांच्या आघाडीने अधिकृतपणे दिलेला उमेदवार होता. संजयकाकांची मते या पाच वर्षांत फक्त ३७,३८२ ने घटली होती. विशाल पाटलांची मात्र २,२७,०२३ ने वाढली. म्हणजे निकाल फिरला तो मुख्यतः जिंकणाऱ्याचे मतदार फुटल्यामुळे नव्हे, तर उरलेले मतदार एका जागी जमल्यामुळे.

कोण निवडून यायला हवे होते, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो उरलेल्या मतदारांचा. त्यांनी मनातल्या उमेदवाराला मत द्यावे, की नको असलेल्याला पाडू शकेल अशाला? आपल्याकडे हा वाद दर निवडणुकीत होतो. एक म्हणतो, “मत वाया घालवू नका.” दुसरा म्हणतो, “मनाला पटेल त्यालाच देणार, मग हरला तरी चालेल.” सोयीसाठी पहिल्याला डावपेची मतदान म्हणू आणि दुसऱ्याला मनाचे मतदान. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि गणित या तिन्हींनी या वादावर बरेच डोके चालवले आहे. त्यातून निघालेले निष्कर्ष दोन्ही बाजूंना थोडे अडचणीचे आहेत.

जेबेल जैस, हत्ता की फुजैरा?

आधी एक छोटा नमुना घेऊ. शारजातल्या एका इमारतीत राहणारे १५ मराठी लोक शनिवारी सहलीला निघालेत. पर्याय तीन: रास अल खैमातला जेबेल जैस, हत्ताचे धरण आणि फुजैराचा समुद्रकिनारा. सात जणांना जेबेल जैस हवा आहे, चौघांना हत्ता आणि चौघांना फुजैरा. हत्तावाल्या आणि फुजैरावाल्या आठही जणांना जेबेल जैस अजिबात नको आहे. घाटाच्या वळणांवर मुले उलट्या करतात, हे त्यांनी मागच्या वेळी अनुभवले आहे. आणि जैसवाल्यांना विचारले, की जैस नाही तर काय, तर ते हत्ता म्हणतात.

हात वर करून मतदान घेतले, की जैस सात मतांनी जिंकतो. १५ पैकी आठ जणांना जो पर्याय सर्वांत नावडता, तोच जिंकला. आता दोन-दोन पर्यायांची कुस्ती लावून बघा. हत्ता विरुद्ध जैस: हत्ता ८-७ ने जिंकतो. हत्ता विरुद्ध फुजैरा: जैसवाले सात जण हत्ताकडे येतात, हत्ता ११-४ ने जिंकतो. म्हणजे समोरासमोर प्रत्येकाला हरवू शकणारा पर्याय हत्ता आहे आणि प्रत्यक्ष मतदानात त्याला मिळाली चार मते. फ्रेंच गणिती काँदोर्से याने १७८५ साली याच प्रकारच्या लढतींचा अभ्यास मांडला. ज्याला एकेकट्या लढतीत कोणीच हरवू शकत नाही, त्याला आजही ‘काँदोर्से विजेता’ म्हणतात.

फुजैरावाल्या चौघांनी मन मोडून हत्ताला मत दिले, तर हत्ता आठ मतांनी जिंकेल. पण हत्तावाल्या चौघांनी फुजैराला मत दिले तरी जैस पडतोच! मग माघार कोणी घ्यायची? दोन्ही गट चार-चार. दोघेही म्हणणार, “तुम्ही या ना आमच्याकडे.” घासाघीस होते, कोणीच हलत नाही आणि शनिवारी सगळे जैसच्या घाटात. आता आकडे थोडे बदला. जैस सात, हत्ता सहा, फुजैरा दोन. इथे वाद घालायची गरजच नाही. ते दोघे आपणहून म्हणतील, “आमचे काही खरे नाही, हत्ताला टाका.” आठ विरुद्ध सात, हत्ता.

दोन्ही वेळा लोकांची तत्त्वनिष्ठा तेवढीच होती आणि हुशारीही. बदलले ते फक्त एक: दुसरा कोण आणि तिसरा कोण हे सगळ्यांना स्पष्ट दिसत होते की नाही.

तिसऱ्याला दुसऱ्याने भागा

एका जागेसाठी ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, अशी पद्धत असली की कालांतराने दोनच मोठे पक्ष उरतात, असे फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे याने १९५१ साली मांडले. भारताने हा नियम संसदेच्या पातळीवर कधीच पाळला नाही. पण एकेका मतदारसंघात डोकावले, की तो पुष्कळदा पाळला जाताना दिसतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ गॅरी कॉक्स याने पुढे हा नियम नेमका कधी लागू पडतो आणि कधी नाही, याचा शोध घेतला. त्यासाठी त्याने एक साधे माप वापरले: तिसऱ्याची मते भागिले दुसऱ्याची मते.

हे गुणोत्तर शून्याच्या जवळ असेल, तर तिसऱ्याचे बरेचसे समर्थक त्याला सोडून गेले असण्याची शक्यता असते. एकाच्या जवळ असेल, तर दुसरा-तिसरा कोण हेच ठरले नव्हते, म्हणून कोणी कोणाला सोडले नाही. कॉक्सचा मुद्दा असा, की मतदार डावपेची असूनही दुसरी स्थिती येऊ शकते. दोघे बरोबरीत असल्यावर शहाणा माणूस सोडणार कोणाला?

सांगली, २०१९: ३,००,२३४ भागिले ३,४४,६४३, म्हणजे ०.८७. सांगली, २०२४: ६०,८६० भागिले ४,७१,६१३, म्हणजे ०.१३. मतदारसंघ तोच, मतदार बहुतांश तेच, आघाडीचे दोन उमेदवारही तेच.

आता औरंगाबाद मतदारसंघ बघा (शहर आता छत्रपती संभाजीनगर झाले, मतदारसंघाचे नाव २०२४ मध्ये तेच होते). २०१९ साली एमआयएमचे इम्तियाज जलील ३,८९,०४२, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे ३,८४,५५० आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव २,८३,७९८. फरक ४,४९२ मतांचा, गुणोत्तर ०.७४. २०२४ साली शिंदे गटाचे संदिपान भुमरे ४,७६,१३०, जलील ३,४१,४८० आणि ठाकरे गटाचे खैरे २,९३,४५०. गुणोत्तर ०.८६. पाच वर्षांचा अनुभव गाठीशी होता, २०१९ चा काठावरचा निकाल सगळ्यांच्या लक्षात होता, तरीही तिरंगी लढत तिरंगीच राहिली. सांगलीकर शहाणे आणि संभाजीनगरकर अडाणी, असे यातून कोणी काढू नये. संभाजीनगरात तिन्ही गट मोठे, प्रत्येकाची मतपेढी पक्की आणि प्रत्येकाला आपणच जिंकू शकतो असे मानायला सबळ कारण. चार-चार जणांची ती सहलच.

सांगलीत २०२४ साली काय वेगळे घडले? मार्चमध्ये ही जागा ठाकरे गटाने जाहीर केली, तेव्हापासून जिल्ह्यातल्या काँग्रेसची नाराजी लपून राहिली नव्हती. ती रोज छापून येत होती. विशाल पाटील हे वसंतदादांचे नातू. त्यांच्यामागे कोण आहे आणि आघाडीच्या उमेदवारामागे कोण नाही, हे गावोगाव चहाच्या टपरीवर उघड बोलले जात होते. खेळ-सिद्धांतात याला ‘सर्वज्ञात माहिती’ म्हणतात. एखादी गोष्ट मला ठाऊक असणे वेगळे, आणि ती तुम्हालाही ठाऊक आहे हे मला ठाऊक असणे वेगळे. फोन नसताना दोन मित्रांना दुबईत भेटायचे असेल आणि जागा ठरली नसेल, तर दोघेही बहुधा दुबई मॉलच्या कारंज्यापाशी जातील. तिथे जाण्याचे कारण कारंजे सुंदर आहे हे नव्हे, तर दुसराही तिथेच येईल असे प्रत्येकाला वाटते हे. थॉमस शेलिंग याने १९६० साली अशा जागांबद्दल लिहिले. सांगलीत लिफाफा हे ते कारंजे झाले.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण निकालानंतर व्हॉट्सॲपवर फिरणारी बेरीज याच ठिकाणी घसरते. “दुसऱ्याची आणि तिसऱ्याची मते एकत्र केली असती तर...” हे वाक्य ओळखीचे आहे. २०१९ च्या सांगलीत ही बेरीज ६,४४,८७७ होते, विजेत्यापेक्षा बरीच जास्त. पण पडळकरांच्या तीन लाख मतदारांची दुसरी पसंती विशाल पाटीलच होते, हे कोणी विचारले होते? स्वतः पडळकर आधी भाजपमध्ये होते आणि त्याच वर्षी पुन्हा भाजपमध्ये गेले. त्यांच्या मतदारांत संजयकाकांना दुसरी पसंती देणारेही असणारच. मतपत्रिकेवर फक्त पहिली पसंती नोंदते, दुसरी मतदाराच्या मनातच राहते. गोव्यात २०२२ साली भाजपला सुमारे ३३ टक्के मतांत ४० पैकी २० जागा मिळाल्या, तेव्हाही उरलेले ६७ टक्के जणू एकच गठ्ठा आहे अशी बेरीज झाली होती. तो गठ्ठा नव्हता. सहलीच्या उदाहरणात आठ जणांना जैस नकोच होता हे मी तुम्हाला आधीच सांगून टाकले होते. खऱ्या निवडणुकीत ते सांगणारा कोणी नसतो.

तिकीट काढून मत द्यायला जाणारा माणूस

आता एकेकट्या मताकडे वळू. इथे डावपेची मतदानाची बाजू अडचणीत येते.

समजा दहा लाख लोक मतदान करणार आहेत आणि लढत दोघांतच आहे. एकाला साडेचार लाख ते साडेपाच लाख यांच्यामध्ये कितीही मते पडू शकतात, यापलीकडे आपल्याला काही माहीत नाही. म्हणजे एक लाख शक्यता, आणि सोयीसाठी सगळ्या सारख्याच संभवनीय मानू. त्यांतल्या एकाच शक्यतेत बरोबर बरोबरी होते आणि आपले मत निर्णायक ठरते. अटीतटीच्या लढतीतसुद्धा लाखात एक. लढत एकतर्फी असेल तर त्याहूनही कितीतरी कमी.

असे कधी होतच नाही असे नाही. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा विधानसभा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले होते. २०२४ साली मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेत रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. पण या ४८ च्या निकालातही एका माणसाच्या मताने काही फिरले नसते. निकाल फिरवतात ते गट.

अँथनी डाउन्स याने १९५७ साली हा पेच मांडला आणि रायकर व ऑर्डेशूक यांनी १९६८ साली त्याचे समीकरण केले. साध्या भाषेत ते असे: मत देण्याचा लाभ = (आपल्या मताने निकाल फिरण्याची शक्यता × आवडता उमेदवार जिंकल्याचा फायदा) − खर्च + कर्तव्य केल्याचे समाधान. सांगलीत राहणाऱ्याला खर्च म्हणजे अर्धा तास आणि ऊन. दुबईत राहणाऱ्याला खर्च म्हणजे विमानाचे तिकीट, पुढे मुंबई-सांगली प्रवास आणि दोन दिवसांची रजा (७ मे २०२४ ला मंगळवार होता, म्हणजे सलग सुटीचाही आधार नाही). कारण आपण अनिवासी असलो आणि पारपत्र भारतीय असले, तर २०१० च्या कायदादुरुस्तीमुळे गावच्या यादीत नाव घालता येते, पण मत द्यायला मूळ पारपत्र घेऊन त्या मतदान केंद्रावर स्वतः जावे लागते.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेसाठी १,१९,३७४ अनिवासी मतदार नोंदले गेले होते. प्रत्यक्ष मतदान केले २,९५८ जणांनी, आणि त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्राच्या यादीत ५,०९७ जण होते. मत द्यायला आले १७.

त्या १७ जणांचा विचार करा. लाखात एक शक्यतेसाठी कोणी तिकीट काढत नाही. समीकरणातला पहिला भाग त्यांच्यासाठी जवळपास शून्य, खर्च मोठा, आणि तरी ते गेले. म्हणजे ते गेले शेवटच्या पदासाठी, समाधानासाठी. अशा माणसाला “मत वाया घालवू नको, दुसऱ्या क्रमांकावर आहे त्याला दे” असे सांगण्यात काय अर्थ? तो निकाल फिरवायला निघालेलाच नाही. काटेकोर हिशोब करायचा तर एकट्याचे प्रत्येकच मत वाया जाते, जिंकणाऱ्याला दिलेलेसुद्धा. एक लाखाच्या मताधिक्याने निवडून आलेल्याला माझ्या एका मताने काय फरक पडला?

म्हणून ‘वाया गेलेले मत’ हा शब्दप्रयोग एकट्यापुरता वापरला तर गणितात टिकत नाही. हजारो जण एकाच दिशेने सरकले तरच तो टिकतो. आणि हजारो जण एकत्र सरकायचे तर ते कारंजे सगळ्यांना दिसायला हवे. डावपेची मतदान हा एका हुशार माणसाचा निर्णय असतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती मोठ्या गर्दीने न बोलता केलेली एकजूट असते.

मनाच्या मतदानाची बाजू मात्र एवढ्यावर खूश होण्यासारखी नाही. एकट्याच्या मताने फरक पडत नाही म्हणून प्रत्येकाने मनाचेच मत द्यायचे ठरवले, की आठ जणांना नको असलेला जैस दर शनिवारी ठरलेला. एकट्यापुरती निर्धोक असलेली गोष्ट सगळ्यांनी केली, की महाग पडते.

हरण्यासाठी दिलेले मत

डावपेची मतदानाचा सगळा हिशोब एका निवडणुकीपुरता असतो. पुढची निवडणूक त्यात धरलेली नसते. कांशीराम यांनी ती धरली.

कांशीराम हे मूळचे पंजाबचे, पण त्यांच्या राजकीय कामाची सुरुवात पुण्यात झाली, तीही संरक्षण खात्याच्या स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या नोकरीतून. विज्ञानाच्या वाचकांनी ही नोंद ठेवावी. १९८४ साली त्यांनी बहुजन समाज पक्ष काढला. पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी पाडण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी, अशा आशयाची त्यांची मांडणी प्रसिद्ध आहे. १९८८ साली अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत ते व्ही. पी. सिंगांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यांना पडलेली मते डावपेची हिशोबाने शुद्ध वाया. १९८९ साली पक्षाचे १३ आमदार उत्तर प्रदेश विधानसभेत गेले, १९९३ साली समाजवादी पक्षाशी युती करून ६७, १९९५ साली मायावती मुख्यमंत्री झाल्या आणि २००७ साली ४०३ पैकी २०६ जागा मिळवून पक्ष स्वबळावर सत्तेत आला.

आपल्या मापात सांगायचे तर सुरुवातीच्या वाया गेलेल्या मतांनी पुढच्या वेळी दुसरा कोण आणि तिसरा कोण हे चित्रच बदलले. हरलेल्या मतांचा आकडाही जाहीर होतो आणि तो सगळे वाचतात: मतदार, पुढच्या वेळी युती करू पाहणारे पक्ष, उमेदवारी मागणारे. पहिल्याच फेरीत सगळ्यांनी शहाणपणाने दुसऱ्या क्रमांकाला मत दिले असते, तर हा आकडा कधी तयारच झाला नसता. अर्थात असा मार्ग धरलेले बहुतेक पक्ष ‘हरण्यासाठी’च्या पायरीवरच थांबतात, आणि नंतर २०२४ च्या लोकसभेत खुद्द बसपला एकही जागा मिळाली नाही.

पद्धतच बदलली तर?

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि याचे उत्तर गणिताने आधीच देऊन ठेवले आहे. ॲलन गिबर्ड याने १९७३ साली आणि मार्क सॅटरथ्वेट याने १९७५ साली स्वतंत्रपणे सिद्ध केले, की तीन किंवा अधिक पर्यायांपैकी कोणताही जिंकू शकत असेल आणि निकाल चिठ्ठ्या उडवून लागत नसेल, तर एका माणसाची हुकूमशाही वगळता अशी एकही मतदान पद्धत नाही, जिच्यात कधीच कोणाला मनातली पसंती लपवून फायदा होणार नाही. पद्धत बदलली की डावपेच संपत नाहीत, फक्त त्यांची जागा बदलते.

पसंतीक्रमाची पद्धत आपल्या राज्यसभेला आहेच. १० जून २०२२ ला महाराष्ट्रातल्या सहा जागांसाठी सात उमेदवार होते. सहाव्या जागेवर कोल्हापूरचेच दोघे: शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक. पहिल्या पसंतीची मते पवारांना ३३, महाडिकांना २७. जिंकले महाडिक. भाजपने पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना गरजेपेक्षा जास्त, प्रत्येकी ४८ मते दिली. त्या जादा मतांचे मूल्य दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळले. हे अचूक गणित जमले, कारण मतदार तीनशेहून कमी होते, पक्षशिस्तीत होते आणि कोणी कोणता क्रम लिहायचा हे आधी ठरवता येत होते.

प्रमाणशीर पद्धतीतही सुटका नाही. जर्मनीत पक्षाला साधारणपणे पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडावा लागतो. २०२५ साली बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला आणि त्याची सगळी मते जागांच्या हिशोबातून बाहेर गेली. तिथले मतदार मग उंबरठ्याचा अंदाज घेत मत देतात. आणि आपण राहतो त्या अमिरातीत? फेडरल नॅशनल कौन्सिलच्या ४० पैकी २० सदस्यांची निवड नागरिकांतल्या ठरावीक मतदारांकडून होते. तिथे पक्ष नाहीत आणि परिषदेचे काम सल्ल्याचे आहे. पण २०१५ पासून पद्धत अशी, की अबू धाबीच्या चार जागा निवडायच्या असल्या तरी एका मतदाराला एकच मत. लोकप्रिय उमेदवाराच्या समर्थकांपुढे प्रश्न येतोच: हा तर जिंकणारच, मग माझे मत दुसऱ्याला देऊ का? आणि सगळ्यांनीच तसे केले तर?

बोटिमवरचा सल्ला

आखातातला मराठी माणूस स्वतः मत द्यायला जात नाही, पण तो निवडणुकीबाहेरही नसतो. मतदानाच्या आदल्या आठवड्यात घरी फोन होतात (इथे व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत, म्हणून बोटिमवर), आणि घरी पैसे पाठवणाऱ्याच्या शब्दाला वजन असते. समीकरणात एका मताला वजन नव्हते, पण एका घरातली पाच मते, भावकीतली पंचवीस, आणि असे फोन करणारी हजारो माणसे, हा गट झाला. म्हणून आपण फोनवर काय सांगतो याला आपल्या स्वतःच्या मतापेक्षा जास्त महत्त्व आहे.

आणि आपली अडचण नेमकी इथे आहे. “त्याला देऊ नका, तो तिसरा आहे” हे वाक्य सांगायला तिसरा कोण हे ठाऊक हवे. ते आपल्याला कळते वाहिन्यांवरून आणि आपल्यासारख्याच विचारांच्या लोकांच्या ग्रुपवरून. ग्रुपवर सगळ्यांना जे ठाऊक असते, ते सर्वज्ञात आहे असे वाटू लागते. गावातल्या टपरीवर मात्र विरोधी बाजूचाही माणूस बसलेला असतो, आणि “आमचे या वेळी काही खरे नाही” हे त्याच्याच तोंडून ऐकू येते. डावपेची मतदानासाठी सर्वांत मोलाची माहिती ती, आणि ती दोन हजार किलोमीटरवर पोचत नाही. माझ्या मते दुबईतून मनाच्या मतदानाचा सल्ला देण्यात फारसा धोका नाही. डावपेची सल्ला देताना मात्र आधी घरच्यांनाच विचारावे, की तिथे तिसरा कोण समजला जातो, आणि त्या तिसऱ्याचे लोकही तसे म्हणतात का.

परदेशातून मतदानाची सोय झाली, तरी हा प्रश्न सुटत नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे बारगळले. इलेक्ट्रॉनिक मार्गाने मतपत्रिका पाठवून ती टपालाने परत घेण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २०२० साली मांडला. ती पद्धत आली, तर मतपत्रिका उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावरच निघणार. २०२४ च्या सांगलीसाठी ती तारीख २२ एप्रिल होती आणि मतदान ७ मेला. टपालाचे दिवस वजा केले, तर इथला मतदार पहिल्या आठवड्यातच शिक्का मारून मोकळा झाला असता. गावात वारे शेवटच्या चार दिवसांत फिरले, तर ते त्याच्या लिफाफ्यात येणार नाही.

सांगलीतही ते वारे टिकले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणूक झाली. सांगली विधानसभा मतदारसंघात भाजपचे सुधीर गाडगीळ, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार पृथ्वीराज पाटील आणि काँग्रेसमधून बंडखोरी करून अपक्ष उभ्या राहिलेल्या वसंतदादा घराण्यातल्या जयश्री पाटील. खासदार विशाल पाटलांचा पाठिंबा बंडखोर उमेदवाराला होता. सहा महिन्यांपूर्वीचा लिफाफा सगळ्यांच्या लक्षात होता. गाडगीळ जिंकले, पृथ्वीराज पाटील दुसरे आले आणि जयश्री पाटील तिसऱ्या.